पत आणि पत्र
(प्रस्तावना)

अपरिचित माणसाला, त्याने न बोलावता, पत्र लिहावे. आपला माल त्याच्याकडे खपावा ही इच्छा त्या पत्रात आडपडदा न ठेवता सांगावी. आणि एवढे करूनही ते वाचताना त्या माणसाच्या कपाळाला आठी पडू नये, हे ज्याला साधले त्याला लेखनातला एक बिकट प्रकार साधला असे मी समजतो. अर्जदाराला निदान जागा रिकामी असल्याच्या जाहिरातीचा आधार असतो, वसुलीचे पत्र लिहिणाराला येणे रकमेचा हक्क असतो, आणि वधुपित्याच्या खिशात मध्यस्थाची चिठ्ठी असते; या पत्रलेखकापाशी यांपैकी काहीच नसते. इंग्रजी व्यापारी बोलीत या पत्राला ‘कोल्ड ई-मेल’ म्हणतात. त्याचे ‘थंड पत्र’ असे भाषांतर करण्याचा मोह आवरून माझ्या तरुण स्नेह्याने आपल्या या पुस्तकात सर्वत्र ‘अपरिचितास पत्र’ असा शब्दप्रयोग योजला आहे, आणि तो मला पसंत आहे; कारण या व्यवहारातली सारी अडचण ओळख नसण्याची आहे आणि पुस्तकाची सव्वादोनशे पाने त्याच अडचणीशी झगडण्यात खर्ची पडली आहेत.

ज्यांच्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे तो वर्ग मला आतून ठाऊक आहे. उसाला पाणी उपसणाऱ्या ऑइल इंजिनांच्या जोरावर कोल्हापुरात ओतकामाचा धंदा वाढला, उद्यमनगरातल्या गाळ्यांतून तो शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत पसरला, आणि त्याच धंद्यात माझी पस्तीस वर्षे गेली. एवढ्या अवधीत आम्हा लहान फौंड्रीवाल्यांनी जो नवा ग्राहक जोडला तो बहुधा कोणाच्या तरी ओळखीने जोडला: कोणाचा मेहुणा पुण्याच्या कारखान्यात पर्चेसला होता, कोणाचा वर्गमित्र तपासणी खात्यात होता, कोणाला मशीन विकणाऱ्या एजंटाने दुसऱ्या गावचे नाव सुचवले. ओळखीचा धंदा सुखाचा खरा, पण त्याची वीण तोकडी असते. दोन ग्राहकांच्या कामावर भट्टी चालवणाऱ्या माणसाच्या एका ग्राहकाने महिनाभर शेड्यूल खाली आणले की भट्टी निम्मा वेळ थंड राहते, आणि वीजबिलातला डिमांड चार्ज मात्र होता तसाच भरावा लागतो. अशा वेळी तिसरा ग्राहक शोधायचा तर त्याच्या दारात आपल्याला ओळखणारे कोणी उभे नसते, आणि तेथूनच या पुस्तकाच्या विषयाला आरंभ होतो.

अपरिचिताशी पत्राने व्यवहार करण्याची चाल तशी आपल्याकडे जुनी आहे. हिंदुस्थानात १८७७ साली व्ही. पी.ची, म्हणजे टपालाने माल पोचवून त्याची किंमत घेणाराकडून वसूल करण्याची, सोय झाली, १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड आले, आणि या दोन सोयींच्या आधाराने व्यापारी कधी न पाहिलेल्या गावच्या कधी न पाहिलेल्या गिऱ्हाइकाला माल पाठवू लागले. १९२० साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली तीही कारखान्याची आणि त्याच्या मालाची वार्ता लोकांपर्यंत पोचवण्यासाठीच. पुढे तिचे मराठीतले एक मान्यवर मासिक झाले, कारण वाचकाचा वेळ घ्यावयाचा तर त्याच्या पदरात काही टाकले पाहिजे हे तिच्या चालकांनी ओळखले होते. परंतु या साऱ्या पत्रव्यवहारावर एक मूक पहारेकरी बसलेला असे, आणि तो म्हणजे टपालहशील. पाव आणा ही रक्कम आज क्षुल्लक वाटेल. पण दहा हजार कार्डे धाडायची तर अडीच हजार आणे, म्हणजे १५६ रुपये ४ आणे, नुसत्या हशिलापोटी मोजावे लागत, आणि एवढी रक्कम हातावेगळी करण्यापूर्वी कोणताही शहाणा व्यापारी आपल्या यादीवरून दोनदा नजर फिरवी, मेलेल्यांची, गाव सोडून गेलेल्यांची आणि ज्यांना आपल्या मालाशी कर्तव्य नाही अशांची नावे काटी, आणि मगच लेखणी उचली. सौजन्य हे त्या काळच्या व्यापाऱ्याच्या अंगी विशेष होते असे मी म्हणणार नाही. त्याला सौजन्य परवडत होते आणि बेपर्वाई परवडत नव्हती, एवढेच.

हा पहारेकरी उठून गेला म्हणजे काय होते याचा पहिला दाखला अमेरिकेत घडला. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक बनवणाऱ्या कंपनीतील विक्री-प्रसाराचे अधिकारी गॅरी थर्क यांनी ३ मे १९७८ रोजी अर्पानेट या जाळ्यावरील चारशेच्या आसपास लोकांना आपल्या नव्या यंत्राच्या प्रात्यक्षिकाचे आमंत्रण एकाच संदेशाने पाठवले. पत्ते इतके झाले की पत्त्यांसाठी राखलेली जागा अपुरी पडून उरलेले पत्ते मजकुरात सांडले. पुष्कळांना राग आला आणि जाळ्याची देखरेख करणाऱ्या लष्करी खात्याने या कृत्याबद्दल नापसंती कळवली. उलट आपल्या कंपनीला या एका संदेशातून मोठी विक्री मिळाली, असे थर्क पुढे सांगत राहिले. पुढील पिढ्यांनी त्यातली विक्री तेवढी ध्यानात ठेवली आणि इतराजी विसरून टाकली, आणि चारशेंचे चार हजार, चार हजारांचे चाळीस लाख होत होत सर्व जगाच्या टपालपेट्या त्या विसरभोळेपणाने भरून गेल्या.

टपालहशील गेले, त्याच्या जागी आता पत आली आहे. माझ्या मते हेच या पुस्तकाचे सूत्र आहे आणि लेखकाने ते पहिल्या प्रकरणापासून शेवटपर्यंत हातचे सुटू दिलेले नाही. बाजारपेठेत हुंडी वटते ती लिहिणाराची पत पाहून, कागदाचा गुळगुळीतपणा पाहून नव्हे. तद्वतच जीमेलसारख्या टपाल सांभाळणाऱ्या कंपन्या आज प्रत्येक पत्र पेटीत टाकण्यापूर्वी पाठवणाराची पत तपासतात, आणि ती कमी वाटली तर पत्र स्पॅमच्या कोनाड्यात निमूटपणे नेऊन टाकतात. त्याची कैफियत कोणी मागत नाही आणि निकालाची नक्कलही मिळत नाही.

या तपासणीची कागदपत्रे तीन, आणि त्यांची तांत्रिक नावे ऐकून आमच्या धंद्यातले लोक उगाच बिचकतात. आपल्या डोमेनच्या नावाने पत्र रवाना करण्याचा अधिकार कोणत्या यंत्रांना दिला आहे, त्याची जाहीर यादी म्हणजे एसपीएफ. हे मुखत्यारपत्र झाले. पेशवाईतल्या पत्राच्या अखेरीस ‘लेखनसीमा’ किंवा ‘मोर्तब सूद’ असा शिक्का उठवीत तो मजकूर येथे संपला, यापुढे कोणी अक्षर वाढवले असेल तर ते आमचे नव्हे, हे सांगण्यासाठी. डीकेआयएम ही अदृश्य मुद्रा गणिताच्या साह्याने तेच काम करते. आणि मुखत्यारी व मुद्रा यांपैकी एकही पटली नाही तर पत्र स्वीकारावे, बाजूला ठेवावे की नामंजूर करावे, याविषयी डोमेनच्या मालकाने आगाऊ देऊन ठेवलेला हुकूम म्हणजे डीमार्क. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५,००० किंवा अधिक पत्रे पाठवणाराला गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून ही तिन्ही सक्तीची केली, जाहिरातीच्या पत्रांत एका टिचकीसरशी यादीतून नाव कमी करून घेण्याची सोय देणे भाग पाडले, आणि ‘हे स्पॅम आहे’ अशा तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत राखण्याची अट घातली. आम्ही कोठे पाच हजार पत्रे पाठवतो, असे म्हणून शिरोलीच्या कारखानदाराने निश्चिंत राहू नये. तो दिवसाला पंधरा पत्रे लिहितो असे धरले तर कामाच्या वीस दिवसांत त्याची तीनशे पत्रे होतात, आणि त्या तीनशेंत एका माणसाने जरी चिडून तक्रारीचे बटन दाबले तरी ते प्रमाण तीन दशांशाच्या वर जाते. मोठ्या व्यापाऱ्याची पत हजारांनी मोजतात. लहान माणसाची एकेका माणसाने मोजली जाते, हे बाजाराचे जुने सत्य येथेही सुटलेले नाही.

हे सारे मी पोथी वाचून सांगत नाही; त्याची फी मी भरलेली आहे. काही वर्षांपूर्वी, धंदा मंदीत असताना, एका गृहस्थाकडून मी उद्योजकांच्या पत्त्यांची एक तयार यादी अल्प किमतीत विकत घेतली आणि कारखान्याच्या नेहमीच्याच ई-मेलवरून एका रविवारी सुमारे चार हजार पत्रे सोडून दिली. सोमवारी सकाळी परत आलेल्या पत्रांचा ढीग पाहून कळले की त्या यादीतल्या पत्त्यांपैकी बरेचसे केव्हाच मृत झाले होते. त्या हानीचे मला फारसे वाटले नाही. पण पंधरवड्याने एका जुन्या ग्राहकाच्या पर्चेस ऑफिसरचा फोन आला की कोटेशन मागून आठ दिवस झाले, तुम्ही पाठवले का नाही? मी ते त्याच दिवशी पाठवले होते. ते त्यांच्याकडे स्पॅममध्ये पडून होते, आणि त्याच कोनाड्यात माझी थकबाकीची दोन स्मरणपत्रेही पडलेली होती. अनोळखी चार हजारांना गाठण्याच्या नादात ओळखीच्या चाळिसांशी असलेला माझा पत्रव्यवहार तुटला आणि तो पूर्ववत होण्यास जवळजवळ चार महिने लागले. अपरिचितांस लिहावयाचे ते कारखान्याच्या मुख्य डोमेनवरून न लिहिता त्यासाठी वेगळे पण आपलेच नाव सांगणारे डोमेन घ्यावे, प्रारंभी दिवसाला चार-पाचच पत्रे पाठवावी, आणि आठवड्या-आठवड्याने ती संख्या हलके हलके वाढवावी, हा लेखकाचा सल्ला वाचताना म्हणूनच मला तो रविवार आठवला.

पत्र कोणाला लिहावे, या प्रकरणाला लेखकाने पत्र कसे लिहावे यापेक्षा अधिक पाने दिली आहेत, आणि ते योग्यच आहे. ‘इन्फो’ने सुरू होणाऱ्या सार्वजनिक पत्त्यावर लिहिणे म्हणजे कचेरीच्या फाटकावर चिठ्ठी चिकटवणे होय, आणि थेट मालकाला लिहिले तर ते पत्र बहुधा वाटेतच कोणाच्या तरी हाती जिरते. ज्याची डोकेदुखी आपण दूर करू शकतो असा माणूस कारखान्यात नेमका कोठे बसतो, ते आधी हुडकले पाहिजे. कास्टिंग उशिरा आल्याने ज्याची लाइन थांबते तो उत्पादनाचा माणूस, रिजेक्शनचा अहवाल ज्याला दर सोमवारी वर पाठवावा लागतो तो क्वालिटीचा माणूस, आणि भावात चार आणे कमी झाले तर ज्याची शाबासकी होते तो पर्चेसचा माणूस; या तिघांना एकच मजकूर पाठवणारा त्या कारखान्याला एक निर्जीव नाव समजतो.

आता प्रत्यक्ष पत्राकडे वळू. आमच्या धंद्यात सर्रास जाणारे पत्र असे असते: ‘आदरणीय महोदय, आम्ही दर्जेदार कास्टिंगचे अग्रगण्य उत्पादक असून आमच्याकडे अद्ययावत यंत्रसामग्री व अनुभवी कर्मचारीवर्ग आहे. आम्ही अनेक नामवंत कंपन्यांना माल पुरवतो. सोबत अठरा पानी माहितीपत्रक जोडले आहे. एकदा सेवेची संधी द्यावी ही विनंती.’ यात खोटे काही नाही, पण यातला एकही शब्द वाचणाराविषयी नाही; मायन्यातले नाव खोडून दुसरे घातले तरी पत्राला काडीची इजा होत नाही, आणि ज्या पत्राला अशी इजा होत नाही त्याला परिपत्रक म्हणावे. त्याच्या शेजारी लेखकाने कोइमतूरच्या एखाद्या पंप कारखान्याच्या पर्चेस विभागास उद्देशून रचलेला नमुना ठेवून पाहावा. मूळ पत्र इंग्रजीत आहे, त्याचा आशय मी मराठीत देतो: ‘पॅटर्न डेव्हलपमेंटसाठी इंजिनिअर हवा अशी आपली जाहिरात पाहिली, त्यावरून नव्या पंपाच्या केसिंगचे काम हाती असावे असा अंदाज केला. आम्ही शिरोलीत ५ ते ४० किलो वजनाची एसजी आयर्नची कास्टिंग ओततो व मशिनिंग करून देतो. केसिंगमध्ये कोअर सरकून भिंतीची जाडी कमीजास्त होते. ते रिजेक्शन आवरणे हे आमचे रोजचे काम. एखादे ड्रॉइंग पाठवलेत तर कोअर कोठे सरकण्याचा संभव आहे ते दोन दिवसांत लिहून कळवीन. त्याचे काही मोल नाही. माझा अंदाज चुकला असल्यास ‘नको’ एवढेच कळवावे, मी पुन्हा लिहिणार नाही.’

हे पत्र दुसऱ्या कोणाला पाठवताच येणार नाही. त्याच्या पहिल्या वाक्यात लिहिण्याचे कारण आहे, आणि ते वाचणाराच्या दारातून उचललेले आहे. तिसऱ्या वाक्यात कोअर सरकण्याचा जो उल्लेख येतो तो ज्याने भट्टीजवळ दिवस काढले आहेत त्यालाच सुचेल. मागणी एकच आहे आणि ती पुरवायला वाचणाराला पाच मिनिटे पुरतात. जोडपत्र नाही, चकचकीत चित्र नाही, आणि नकार देण्याचा दरवाजा सताड उघडा आहे. विषयाच्या ओळीत पूर्वीचा पत्रव्यवहार असल्याचा भास व्हावा म्हणून खोटे ‘रि’ लावण्याची जी युक्ती अलीकडे फोफावली आहे, तिला लेखकाने या नमुन्यात थारा दिलेला नाही. ओळख नाही म्हणून ओळखीचे सोंग आणणारा माणूस जवळ यावयाचा तर दूरच राहिला, उंबरठ्यावरच चोर ठरतो. अलीकडे यंत्राकडून अशी हजारो पत्रे क्षणार्धात लिहून घेता येतात आणि त्यांत वाचणाराचे नाव, त्याची कंपनी आणि ‘आपली प्रगती पाहून आनंद झाला’ हे वाक्य बिनचूक पडते. ते वाक्य आता इतक्यांना इतक्या वेळा आले आहे की त्यातली स्तुती नाहीशी होऊन तो केवळ यंत्राचा शिक्का उरला आहे.

एका बाबतीत माझा आणि लेखकाचा मतभेद आहे, आणि तो नोंदवणे हे प्रस्तावनाकाराचे कर्तव्य समजतो. पत्र किती जणांनी उघडले ते मोजण्यासाठी मजकुरात ठिपक्याएवढे अदृश्य चित्र दडवून ठेवण्याच्या पद्धतीवर त्यांनी एक संपूर्ण प्रकरण खर्चले आहे. परक्याच्या घरात चोरून डोकावण्यासारखे ते कृत्य आहे, हा आक्षेप क्षणभर बाजूला ठेवला तरी सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने आपल्या मेलमध्ये जी गोपनीयतेची सोय आणली, तिच्यामुळे ती चित्रे माणसाने पत्र उघडण्यापूर्वीच यंत्राकडून उतरवून घेतली जातात, आणि न वाचलेले पत्रही वाचलेले दिसते. ज्या वहीत न आलेल्याची हजिरी लागते ती वही बंद करावी हे बरे. उत्तरे मोजावी, नकारही मोजावे. स्मरणपत्रांची कमाल संख्या त्यांनी तीन धरली आहे, मी दोन धरतो. पण प्रत्येक स्मरणपत्रात काही तरी नवी उपयुक्त गोष्ट असावी आणि ‘माझे मागील पत्र पाहिलेत का’ एवढ्याचसाठी कोणाचा दरवाजा ठोठावू नये, याविषयी आमचे पूर्ण एकमत आहे.

परदेशी माल धाडू इच्छिणाऱ्यांनी कायद्याचे प्रकरण विशेष लक्षपूर्वक वाचावे. अमेरिकेचा २००३ चा कॅन-स्पॅम कायदा पूर्वसंमती मागत नाही. पण पाठवणाराचे खरे नाव, न फसवणारा विषय, टपालाचा प्रत्यक्ष पत्ता आणि ‘नको’ म्हणणाराला कामाच्या दहा दिवसांत यादीतून वगळणे, एवढे तो मागतो. कॅनडात १ जुलै २०१४ पासून संमती, मग ती स्पष्ट असो वा परिस्थितीवरून निष्पन्न होणारी असो, दाखवावी लागते. जर्मनीत तर अनुचित स्पर्धेच्या कायद्याचे सातवे कलम व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला लिहिलेल्या जाहिरातीच्या ई-मेलसही पूर्वसंमतीवाचून मज्जाव करते. गंमत अशी की त्याच देशात तिकीट लावलेल्या कागदी पत्राला तशी पूर्वसंमती लागत नाही, आणि दर चार वर्षांनी ड्युसेलडॉर्फला भरणाऱ्या ‘गिफा’ या ओतकामाच्या प्रदर्शनात हातात हात घेऊन ओळख करून घेण्यास तर कोणाचीच हरकत नाही. म्हणजे हशील भरणाराला मार्ग मोकळा, आणि फुकट येणाराला परवाना दाखवावा लागतो. हा न्याय मला तरी उलटा वाटत नाही. आपल्याकडेही २०२३ च्या कायद्याने व्यक्तीच्या अंकीय माहितीला संरक्षण दिले आहे, तेव्हा विकत मिळणाऱ्या याद्यांचा मोह धरण्याचे दिवस सरले असे समजावे.

शेवटी एक सूचना वाचकांना करतो, आणि ती पुस्तकात नाही. आमच्या कचेरीत फार पूर्वी जावक बारनिशी असे. तिच्यात अनुक्रमांक, तारीख, कोणास आणि विषय या रकान्यांपुढे टपालहशिलाचा एक रकाना असे, आणि कारकून त्यात दररोज पैसे मांडी. अपरिचितांस पाठवलेल्या पत्रांसाठी ती बारनिशी पुन्हा घालावी, आणि हशिलाच्या रकान्यात त्या माणसाविषयी वाचण्यात, त्याचा माल न्याहाळण्यात आणि त्याची अडचण ओळखण्यात आपण किती मिनिटे खर्चली तो आकडा लिहावा. तिकीट न लावता पेटीत टाकलेले पत्र जुन्या काळी ‘नॉटपेड’ म्हणून येई आणि पोस्टमन त्याचे दुप्पट हशील घेणाराकडून वसूल करी; ते घ्यायचे की परत करायचे याचा विचार करत घरची माणसे दारात उभी राहत. ज्या पत्रापुढे त्या रकान्यात शून्य पडेल ते पत्र नॉटपेड समजावे. त्याचे हशील कोणीतरी भरतोच, आणि तो पाठवणारा नसतो.

कोल्हापूर,
विजयादशमी